मिलोची भाकर आणि आबांचं नाव

मिलोची भाकर तव्यावरून उतरली की विटेसारखी लाल दिसायची आणि गार झाली की काळपट पडायची. गरम असताना ती नुसती बेचव लागे. गार झाल्यावर तिला कडवट, तुरट चव यायची आणि ती चव घशाला धरून बसायची. वर पाणी प्यावं तर पाणीही मोजकंच मिळायचं.

त्या दुष्काळात आमच्या घरची ज्वारी पोळ्याच्या आधीच संपली होती. कणगीच्या बुडाला हात घातला की धूळ लागायची. सोसायटीत परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणायचे. सगळं गाव तीच खायचं. मी एकटीच खात नव्हते.

पहिला घास मी चुलीपुढंच थुंकला होता.

"थुकू नको, गिळ," माय म्हणाली.

"कडू लागती."

"मग काय तूप-साखर लावून देऊ?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "भूक लागल्यावर खाईल."

"न्हाई खात ती. सकाळपास्नं उपाशी हाय, तरी दातखीळ बसल्यावानी बसलीय. लई हट्टी हाय."

हट्टी मी होतेच, पण त्याहून जास्त भित्री होते. बारवेच्या पायऱ्या उतरायला भ्यायचे, अनोळखी माणसापुढं उभं राहायला भ्यायचे, आणि आता एका भाकरीला भ्यायला लागले होते. चिंचेचा कोवळा पाला, कुठं तरोट्याची भाजी, रस्त्याच्या कामावर मायला मिळालेली सुकडीची गोड पूड, यावर मी दिवस काढायचे. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता. माय तो मागून चिमटीत धरायची आणि सोडून द्यायची.

सोसायटी म्हणजे गावातली सेवा सहकारी सोसायटी. पत्र्याची एकच खोली, पुढं दगडी पायरी, वर निळ्या अक्षरांची पाटी. रांगेत उभं राहिलं की मी ती पाटी वाचायचे. 'विविध कार्यकारी' हे शब्द अवघड होते. मी ते तोडून तोडून वाचायला शिकले होते आणि मला त्याचा अभिमान होता. अर्थ मात्र कळत नव्हता.

सगळ्यांची रेशन कार्डं सोसायटीतच गठ्ठे बांधून ठेवलेली असायची. खिडकीपाशी जाऊन घरच्या कर्त्या माणसाचं नाव सांगायचं. मग सेक्रेटरी गठ्ठा सोडून कार्ड काढायचा, त्यावर लिहायचा आणि मिलो मापून द्यायचा. पुरुषांना यात काही अडचण नव्हती. पण पुरुष खडीवर नाहीतर नाल्याच्या बांधावर कामाला, आणि रांगेत बहुतेक बायाच. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचंही नाही. म्हणून बायांनी आपसात वाटून घेतलं होतं. शेजारीण आबांचं नाव सांगायची आणि माय शेजारणीच्या मालकाचं. दोघी खिडकीपाशी लगटून उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या कोपराला डिवचायच्या.

"सांग की माझ्या मालकाचं," शेजारीण म्हणायची.

"आधी माझ्याचं सांग. मागच्या बारीला तुझंच आधी झालंतं."

एकदा शेजारीण तापानं पडली होती. माय मला घेऊन गेली. मुलीला बापाचं नाव घ्यायला कसली आडकाठी? वाटेत मायनं दोनदा बजावलं, "मोठ्यानं सांगायचं. आबाचं, आज्याचं, मग आडनाव." मला सगळं येत होतं. शाळेच्या पाटीवर मी रोज लिहायचे.

खिडकीत सेक्रेटरीचं तोंड दिसलं. त्याला पान खायची सवय होती आणि बायांची फिरकी घ्यायची त्याहून जास्त.

"कुणाचं कार्ड काढू, वहिनी?"

माय म्हणाली, "ह्या पोरीच्या बापाचं."

"पोरीच्या बापाला नाव ठिवलं का न्हाई कुणी?"

पायरीवर विड्या ओढत बसलेली माणसं हसली. मायनं माझ्या पाठीला हात लावला. मी तोंड उघडलं. आत जीभ होती, दात होते, नाव होतं. आवाज तेवढा आला नाही. ओठ हलल्याचं मला कळलं, पण मलाच काही ऐकू आलं नाही.

"मुकी हाय का पोरगी?" पायरीवरून कुणीतरी विचारलं.

"घरी लई बोलती," माय म्हणाली. तिचा पदर आणखी पुढं आला.

शेवटी मागच्या एका बाईनं आबांचं नाव सांगितलं. घरी येईपर्यंत माय माझ्या चार पावलं पुढं चालली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप आला. दिवाळी झाली की गाड्या कारखान्याला निघणार होत्या. आमच्या घरातून माय, आबा, चुलता आणि बैलांमागं माझा थोरला भाऊ जाणार होते. काकू, म्हणजे माझी चुलती, नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून ती राहणार होती. शेजारच्या घरात भावकीतली एक म्हातारी होती, गुडघ्यांनी अधू. ती काकूला सोबत करणार होती.

माझं काय करायचं, हे ठरायचं होतं.

मागच्या साली मला तिसरीतून मधेच उठवून कारखान्याला नेलं होतं. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, वर धुराचा वास, आणि दिवसभर फडाच्या कडेला बसून भांड्यांवर नजर ठेवायची. परत आले तेव्हा वर्गातली मुलं कितीतरी पानं पुढं गेली होती. गुरुजींनी कसंबसं मला चौथीत घेतलं. त्यांनी आबांना बोलावून सांगितलं होतं, "एवढी चौथी होऊ द्या. आता मधून उठवली तर पोरगी परत बसायची न्हाई."

ते खरं होतं. माझ्याबरोबरच्या दोन मुली तशाच सुटल्या होत्या. एक आता शेळ्या वळायची. मी पुस्तक घेऊन निघाले की ती शेळ्यांना उगाच हाका मारायची आणि माझ्याकडं बघायची नाही.

एका संध्याकाळी मी अंगणात बैलांपुढं पाचोळा टाकत होते. ओट्यावर माय आणि आबा बोलत होते.

"गुरुजी म्हणतेत ठिवून जा," आबा म्हणाले.

"मला बी कळतं ते," माय म्हणाली. "पर ठिवू कशी? बाळंतीण अजून चुलीला शिवायची न्हाई. म्हातारीला उठून उभं ऱ्हायाला घटका लागती. ही पोरगी मिलो खात न्हाई, बारवंत उतरत न्हाई, सोसायटीत तोंड उघडत न्हाई. बाळंतिणीनं आपलं लेकरू बघावं का हिच्या मागं लागावं? तिकडं निदान माझ्या नजरंपुढं ऱ्हाईल."

माय चूक बोलत नव्हती. मी पाचोळा टाकून झाल्यावर तिथंच बैलाच्या शिंगाला धरून उभी राहिले. तिनं तीन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या मला करून दाखवायच्या होत्या. रडून मागितलं तर माय देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी काकूच्या खाटेपाशी गेले.

"काकू, मला भाकर शिकव."

काकू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण खाणार हाय?"

"मीच."

"अगं बया," ती म्हणाली आणि सरळ होऊन बसली.

काकूचं माहेर युसूफ वडगावकडचं, तिकडं चिकटपणा गेलेलं पीठ बाया उकळत्या पाण्यात मळायच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आमच्या घरात हळूच बोलायची. पण मिलोच्या भाकरीवर तिचं मत होतं आणि ते कुणी विचारलं नव्हतं. आमच्या गावच्या बाया मिलोचं पीठ आपल्या ज्वारीसारखंच गार पाण्यात मळायच्या. मग भाकर थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना मोडायची, आणि बाया दुष्काळाला शिव्या देत पुन्हा पीठ लावायच्या. जन्मभर एकच ज्वारी हाताखालून गेलेली. हातच ऐकत नव्हते.

"ही ज्वारी आपली न्हाई," काकू म्हणाली. "हिला चिकटपणा न्हाई. आधण ठिव. पाण्याला उकळी आली की पिठात ओत आन् झाकून ठिव."

काकूला चुलीला हात लावायचा नव्हता, म्हणून ती खाटेवरून सांगायची आणि मी करायचे. उकळतं पाणी पिठात ओतताना बोटं भाजली. झाकण काढल्यावर वाफेबरोबर तोच कडवट वास आला. मी तोंड फिरवलं.

"वास येतोय?" काकूनं विचारलं.

"हं."

"येऊ दे. मळ."

पहिली भाकर परातीतच मोडली. दुसरी तव्यावर गेली, पण नकाशासारखी. तिसरी जरा भाकरीसारखी दिसली. काकू म्हणाली, "खाली उतरवू नको. तव्यावरचीच मोड, ठेच्याला लाव आन् खा. तोंड भाजलं की कडू कळत न्हाई."

मी तुकडा ठेच्यात बुडवून तोंडात टाकला. तोंड भाजलं, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गडबडीत घास खाली गेला. काकू पोट धरून हसली. ओटीपोट दुखतं म्हणून पुन्हा गप्प झाली. बाळ जागं झालं.

त्या दिवसापासून मी चुलीपाशी बसूनच खायला लागले. गरम तुकडा जमला. मग कोमट जमला. गार भाकर मात्र जमत नव्हती. शाळेत तीच न्यावी लागायची. मी मधल्या सुट्टीत फडकं सोडायचे, एक तुकडा जिभेवर ठेवायचे आणि मनातल्या मनात पाढा म्हणत चावायचे. पाढा संपायच्या आत गिळायचं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कधी पाढा आधी संपायचा. मग पुढचा पाढा घ्यायचे. त्या महिन्यात माझे पाढे चांगले पाठ झाले.

आता बारव राहिली होती.

गावाच्या कडेला दगडी बारव होती. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि तळाशी एका कपारीतून बोटाएवढं पाणी पाझरायचं. वाकून भरायला तिथं जागा एवढी कमी की मोठ्या बाईला बसता यायचं नाही. म्हणून तळाशी एखादी लहान मुलगी बसायची. ती वाटीनं पाणी भरून तांब्यात ओतायची, तांब्या पायरीपायरीवरच्या बायांच्या हातांतून वर जायचा आणि घागरीत रिता व्हायचा. तळाशी बसणाऱ्या मुलीच्या घरची घागर आधी भरायची, अशी रीत होती. आमची घागर कायम शेवटी असायची.

तळाशी कपारीच्या शेजारी आसरांचे दगड होते. शेंदूर लावलेले, एका रांगेत. पाण्यातल्या आसरा लहान मुलींना धरतात, हे मी कळत्या वयापासून ऐकलं होतं. कुणी आजारी पडलं की बाया म्हणायच्या, बारवेवर अवेळी गेलीती. माझी पावलं तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच अडायची. खालून गार हवा यायची आणि मला वाटायचं, कुणीतरी श्वास सोडतंय.

एके सकाळी मी शेजारणीच्या मागं उतरत गेले. तिचं लुगडं धरलं होतं. ती म्हणाली, "सोड गं, मला पाडशील." मी सोडलं नाही. खाली पोचल्यावर ती बाजूला झाली आणि मी कपारीपुढं उकिडवी बसले. दगड माझ्या गुडघ्याला लागतील एवढे जवळ होते. शेंदूर वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. एरवी ते पाण्यात असायचे. आता कोरडे ठाक होते, आमच्या रांजणासारखे.

मी पहिली वाटी भरली आणि त्यांच्यावर ओतली.

"अगं, पाणी कुठं ओतती?" वरून शेजारीण ओरडली.

"आसरांला."

"त्यांचं रेशन कार्ड हाय व्हय?"

पायऱ्यांवरच्या सगळ्या बाया हसल्या. ते हसणं बारवेत गोल फिरलं आणि माझ्यापर्यंत खाली आलं. एक बाई म्हणाली, "ओतू दे, पोरीनं काय वाईट केलं?" मी दुसरी वाटी भरली आणि तांब्यात ओतली. वाटी सांडली नाही. त्या दिवशी आमची घागर पहिली भरली.

मग मी रोज उतरायला लागले. भीती गेली नव्हती. रोज वरच्या पायऱ्यांवर ती मला भेटायची आणि मी तिच्या बाजूनं उतरायचे. दगडांवर एक वाटी मात्र मी रोज ओतत होते आणि मनात म्हणत होते, घरच्यापुरतंच नेते.

तिथंच तिसऱ्या गोष्टीची वाट सापडली. घागर कुणाची भरायची ते वरची बाई विचारायची. "खाली कोण हाय? कुणाची पोरगी?" मी पहिल्यांदा आबांचं नाव पुटपुटले. बारवेनं ते उचललं, भिंतींवर आपटलं आणि मोठं करून परत दिलं. मी दचकून वर बघितलं. दुसरंच कुणी बोललं असं वाटलं. मी पुन्हा म्हटलं, आबांचं, आज्याचं, आडनाव. पुन्हा तसंच झालं. आवाज घोगरा होता, पण माझाच होता.

"कावून गं, बापाची दवंडी पिटती का?" शेजारीण म्हणाली.

"पाठ करतीय."

"बापाचं नाव पाठ करावं लागतं व्हय?"

मी पुढची वाटी भरली. पण रोज तळाशी बसले की एकदा तरी म्हणायचेच.

दिवाळी झाली. दिवाळी म्हणजे त्या साली फक्त पणती होती. गाड्या निघायच्या आधीच्या संध्याकाळी मी सगळ्यांसाठी भाकरी थापल्या आणि मायच्या पुढ्यात बसून गार भाकर खाल्ली. माय बघत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल.

"खायला लागली, लई बरं झालं," माय म्हणाली. "तिकडं कारखान्यावर बी मिलोच हाय. आन् पाण्याला बी हात बसला. कोपीवर मला तेवढाच आधार व्हईल."

मी घास तोंडात धरून बसले. जे राहायला म्हणून शिकले होते, त्यानंच मी न्यायला सोयीची झाले होते. काकूनं खाटेवरून माझ्याकडं बघितलं, पण थोरल्या जावेपुढं ती बोलणारी नव्हती.

सकाळी गाड्या जुंपल्या. माझं बोचकं गाडीवर गेलं. त्यात माझा एक फ्रॉक आणि वाकळ होती. पुस्तक मी काकूच्या खाटेखाली ठेवलं होतं. बरोबर नेलं असतं तर उसाच्या फडात त्याची पानं विडीला गेली असती.

त्याच दिवशी सोसायटीत मिलो आला होता. वाटेत खायला आणि काकूसाठी घरी ठेवायला म्हणून माय पिशवी घेऊन निघाली, मी मागून. शेजारणीची गाडी पहाटेच पुढं गेली होती. अर्धं गाव निघून गेलं होतं. रांगेत बहुतेक म्हातारी माणसं आणि काही पुरुष होते. आबांचं नाव सांगेल अशी ओळखीची एकही बाई नव्हती. मायनं मागं बघितलं, पुढं बघितलं. पुरुषांना कसं सांगणार?

खिडकीपाशी आम्ही पोचलो.

"कुणाचं काढू, वहिनी?"

"तुमाला ठाऊक हाय, भाऊ," माय म्हणाली. "गाड्या जुंपल्यात. लवकर द्या."

"मला सगळ्या गावाचं ठाऊक हाय. पर नाव सांगितल्याबिगर गठ्ठा सोडायचा न्हाई, असं चेअरमननं सांगितलंय." त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "एकदा घ्या की नाव. मालक काय इथं ऐकायला हायेत?"

पायरीवरची माणसं हसली. तीच पायरी, तशीच विडी. माय खाली मान घालून उभी होती. तिच्या हातातली पिशवी चुरगळत चालली होती. ती बारवेत उतरायची, खडी फोडायची, दिवसभर ऊस तोडून डोक्यावर मोळ्या वाहायची. तिला कशाची भीती वाटते असं मला कधी वाटलं नव्हतं. इथं मात्र ती माझ्यासारखीच उभी होती.

मी पुढं झाले. खिडकीची लाकडी चौकट माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर होती. मी चौकटीला हात धरले, डोळे मिटले आणि बारवेच्या तळाशी बसल्यासारखं म्हटलं. आबांचं नाव, आज्याचं नाव, आडनाव.

इथं भिंतींनी आवाज परत दिला नाही. तो तसाच बाहेर गेला, रस्त्यापर्यंत. पलीकडं बांधलेलं एक गाढव कान हलवून बघायला लागलं.

"हळू की," सेक्रेटरी दचकून म्हणाला. "मी काय आडात बसलोय?"

आता माणसं त्याला हसली. त्यानं गठ्ठा सोडला, कार्ड काढलं आणि खाली मान घालून मिलो मापला. मी डोळे उघडले. पण मी चौकट सोडली नाही.

पिशवी मायच्या डोक्यावर, मी तिच्या बाजूला. आम्ही मारुतीच्या देवळापाशी आलो. तिथं आमची शाळा भरायची. आत मुलं ओरडून उजळणी म्हणत होती. माय चालता चालता थांबली.

"पुढच्या बारीला मिलो कोण आणील?" तिनं विचारलं.

"मी."

"आन् तो हसला तर?"

"हसू दे."

"आजारी पडलीस तर? आमी लई लांब असू."

मी म्हणाले, "काकू हाय."

तिनं डोक्यावरची पिशवी सारखी केली आणि चालायला लागली. गाडीपाशी आल्यावर तिनं आधी मिलो घरात नेला, मग गाडीच्या चाकावर पाय देऊन वर हात घातला आणि माझं बोचकं ओढून खाली टाकलं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे तिला हितंच," माय म्हणाली. "बाळंतिणीच्या घरात तुमचं नाव घ्यायला कुणीतरी पायजे."

आबांनी बैलांच्या जुवाच्या खिळी पुन्हा तपासल्या, त्या नीट होत्या तरी.

मायनं मला जवळ घेतलं नाही. तशी तिची रीत नव्हती. तिनं मागून माझा फ्रॉक चिमटीत धरला, किती सैल आहे ते बघितलं आणि सोडला. मग गाडीत चढली. गाड्या पाटोद्याच्या वाटेला लागल्या. धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते. रडू आलं, पण पाय गाडीमागं धावले नाहीत.

चौथी मी त्या साली पास झाले. पुढची शाळा लांब होती आणि तिथं एकट्या मुलीला कुणी पाठवत नव्हतं, त्यामुळं शिक्षण तेवढंच. चारचौघांत मी आजही कमी बोलते. लग्नानंतर मीही मालकांचं नाव कधी घेतलं नाही. पण सासरच्या गावात दूध सोसायटी निघाली, बायांना सभासद करून घेत होते, तेव्हा टेबलापाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "कुणाच्या नावावर लिहू?" बाकीच्या बाया एकमेकींच्या कोपराला डिवचत होत्या. मी माझं स्वतःचं नाव सांगितलं. ते घ्यायला तर कुणाची मनाई नव्हती. थोडं जास्तच मोठ्यानं सांगितलं असेल, कारण तो माणूस दचकला.

गाड्या गेल्या त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले. गुरुजींनी नुसतं बोटानं बसायला सांगितलं. मधल्या सुट्टीत फडकं सोडलं. सकाळची भाकर होती, गार, काळी पडलेली, कडेला माझ्या बोटांचे ठसे. पाढा म्हणायचं मी विसरले. सोसायटीच्या खिडकीचाच विचार करत होते. भाकर संपली तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी काकूनं खाटेवरून विचारलं, "आज काय करायचं गं?"

मी आधण ठेवलं.